वाडीतली झाडं चुगली करतात!

वसईजवळच्या वटार गावात कुणाच्या वाडीत आंब्याचं जुनं झाड असेल, तर त्याच्या खोडाजवळ जा. अगदी जवळ, नाक टेकेल इतकं. सालीवर करडे, पांढुरके डाग दिसतात ना? काही रुपयाएवढे, काही तळहाताएवढे. आता बोटावर पाण्याचा एक थेंब घ्या आणि त्यातल्या एका सुक्या डागावर अलगद सोडा. थोडं थांबा. भिजलेला तुकडा हिरवट होऊ लागला की नाही?

जादूबिदू काही नाही. तो डाग जिवंत आहे! त्याचं नाव दगडफूल. हो हो, आजीच्या मसाल्याच्या डब्यात असतं तेच. डब्यातलं जरा मोठ्या पानांचं असतं, झाडावरचं सालीला घट्ट चिकटलेलं असतं, पण दोघं एकाच गोतावळ्यातले. नावात फूल असलं तरी हे फूल नव्हे, आणि धड एक जीवही नव्हे. यात दोन भाडेकरू राहतात. एक बुरशी, दुसरं शेवाळ. बुरशी राहायला जागा देते आणि ओलावा धरून ठेवते. शेवाळ उन्हात बसून अन्न तयार करतं आणि बुरशीलाही देतं. तुम्ही पाणी सोडलंत तेव्हा वरचा बुरशीचा पापुद्रा भिजून पारदर्शक झाला आणि आतलं हिरवं शेवाळ दिसायला लागलं. एवढीच गंमत.

पण हे दगडफूल भलतंच चुगलखोर आहे. गावातली हवा कशी आहे, ते सगळं सांगून टाकतं. आणि ते एकटं नाही. बावखलातली झुडपं, बांधावरचं गवत, किनाऱ्यावरचे वेल, सगळेच कुणाची ना कुणाची चुगली करत असतात. आपण फक्त ती ऐकायला शिकायचं.

हवेची बातमी खोडावर

आंब्याला मुळं असतात. तो जमिनीतून पाणी ओढतो, आणि जमीन ते पाणी थोडंफार गाळूनही देते. दगडफुलाला मुळंच नाहीत. पाऊस, दव, धुकं, हवेतली धूळ, जे अंगावर पडेल ते सगळ्या अंगानं प्यायचं. बरं, झाडं निदान जुनी पानं गाळून टाकतात. दगडफुलाला तीही सोय नाही. हवेत विष असलं, तर ते आत जातं आणि साठत राहतं.

कोळसा किंवा गंधक असलेलं तेल जाळलं, की सल्फर डायऑक्साइड नावाचा वायू निघतो. हा दगडफुलाचा मोठा शत्रू. आतलं शेवाळ त्यानं मरतं, आणि शेवाळ मेलं की बुरशी उपाशी.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली ती पॅरिसमध्ये. विल्यम नायलँडर नावाचे फिनलंडचे एक शास्त्रज्ञ तिथं राहत. त्यांनी १८६६ साली लिहिलं, की लक्झेंबर्ग नावाच्या बागेत पुष्कळ जातींची दगडफुलं आहेत, शहरात इतरत्र मात्र ती दिसत नाहीत. म्हणजे बागेतली हवा चांगली! पुढे पॅरिसमध्ये धूर वाढत गेला आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत त्या बागेतूनही दगडफुलं गायब झाली. मग? मग विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातला गंधकाचा धूर कमी झाला आणि दगडफुलं पुन्हा त्याच बागेतल्या झाडांवर यायला लागली. त्यांना कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. हवा सुधारली, ती आली.

१९७० साली इंग्लंडमधल्या हॉक्सवर्थ आणि रोझ या दोघांनी तर दगडफुलांची चक्क मोजपट्टी तयार केली. खोडावर कुठल्या जाती आहेत ते बघायचं आणि हवेत गंधकाचा वायू साधारण किती असेल ते सांगायचं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रिटनमधल्या हजारो शाळकरी मुलांनी आपापल्या भागातली दगडफुलं बघून देशाच्या हवेचा नकाशा बनवायला मदत केली. तुमच्याच वयाची मुलं होती ती!

तुम्हीही साधी मोजपट्टी वापरू शकता. दगडफुलांचे ढोबळ तीन आकार असतात. पहिलं सालीला पापडीसारखं चिकटलेलं, नखानं निघत नाही असं. दुसरं पानांचं, कडा जरा सुटलेल्या. तिसरं झुडपासारखं, खोडावरून बाहेर आलेलं किंवा लोंबणारं. पहिलं बरंच सोशीक, तिसरं सगळ्यांत नाजूक. वाडीतल्या आतल्या झाडावर किती प्रकार आहेत आणि नालासोपाऱ्याकडे जाणाऱ्या गर्दीच्या रस्त्याकडेच्या झाडावर किती, ते बघा. एक करू नका, ओरबाडू नका. खोडाला चिकटणारी दगडफुलं वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढा डाग तुमच्यापेक्षा वयानं मोठा असू शकतो!

जमिनीखालचा समुद्र

आता पाण्याची चुगली ऐकू. त्यासाठी वटारचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र. पूर्वेला नालासोपारा आणि रेल्वे. मध्ये वाड्या, म्हणजे केळी, नारळ, अळू, भाजी, फुलझाडं. आणि वाड्यांमध्ये बावखलं.

वसईच्या पोरांना बावखल म्हणजे काय ते सांगायला नको, पण हे मासिक विदर्भातही वाचतात, म्हणून सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं, खोलगट तळं. पूर्वीच्या लोकांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. आजूबाजूच्या विहिरींना त्यामुळे पाणी राहतं.

एवढंच नाही. बावखल एका मोठ्या शत्रूला खाली दाबून ठेवतं. तो शत्रू म्हणजे जमिनीखालचा समुद्र!

किनाऱ्यावर जमिनीखालीही खारं पाणी असतं. पण एक लिटर गोडं पाणी भरतं १००० ग्रॅम, आणि एक लिटर समुद्राचं पाणी सुमारे १०२५ ग्रॅम, कारण त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. जड खाली, हलकं वर. म्हणून पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरलं की खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. आता गणित करा. दोघांच्या वजनातला फरक २५, आणि १००० भागिले २५ म्हणजे ४०. याचा अर्थ असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. घायबेन आणि हर्ट्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हा हिशेब मांडला.

वा, मग मजाच की! ४० मीटर पाणी!

थांबा. हा हिशेब उलटाही चालतो. मोटारी लावून उपसा केला आणि वरची पातळी १ मीटर खाली गेली, तर खारं पाणी कालांतरानं ४० मीटर वर सरकू शकतं. म्हणून किनाऱ्यावरच्या विहिरी वाजवीपेक्षा जास्त उपसल्या की मचूळ होतात. एखादं बावखल भराव घालून बुजवलं की मुरणारं पाणी घटतं, आणि खाऱ्या पाण्याचं आणखी फावतं.

वसईच्या लोकांना हे पुस्तकातून कळलेलं नाही. विहिरींचं पाणी टँकर भरभरून बाहेर जायला लागलं, हिरव्या पट्ट्यावर इमारती उभ्या राहायला लागल्या, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून इथं मोठं आंदोलन झालं. हरित वसई संरक्षण समितीचं. त्याचे पुढारी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वटारच्या जवळच्याच नंदाखालचे. पुढे २०२० साली उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विहिरी, वाड्या आणि झाडं हा त्यांच्या लढ्याचा गाभा होता.

पानावरचं मीठ

विहीर मचूळ होतेय हे आपल्या जिभेला कळतं, पण जरा उशिरानं. झाडांना आधी कळतं.

जमिनीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढणं जड जातं. पाणी समोर आहे, पण पिता येत नाही! शिवाय जे मीठ आत जातं, ते पानांत साठतं आणि पानाच्या कडेला सगळ्यांत जास्त. म्हणून केळीच्या पानाची कड आधी पिवळी पडते, मग करपते. घेवड्यासारख्या शेंगांच्या वेलांना तर थोडासा खारेपणाही सोसत नाही. नारळ मात्र दांडगा, तो बरंच सोसतो. वाडीत हळूहळू घेवडा नको म्हणायला लागला, केळी रुसली आणि नारळ तेवढा मजेत उभा राहिला, तर समजा, मीठ येतंय.

मिठाची आवड असलेल्या झाडांना भेटायचं असेल, तर एका सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसांबरोबर किनाऱ्यावर आणि खाडीकडे चक्कर मारा. वाळूवर मर्यादवेल पसरलेली दिसेल. जांभळी फुलं, मधोमध चिरलेली जाड पानं. खाजणात मोरस दिसेल. बारीक, फुगीर पानांचं हे झुडूप पानांत पाणी साठवून आतलं मीठ पातळ करतं. तिची भाजी करणाऱ्या घरांत विचारा, मीठ बेतानंच घालतात.

आणि चिखलात उभी असेल तिवर. तिच्याजवळ भिंग घेऊन जा. दुपारी, ऊन असताना. तिवरीच्या पानावर बारीक चकचकीत कण दिसतील. ते मीठच! तिवर मुळाशीच बरंचसं मीठ अडवते. तरीही जे आत येतं, ते पानांवरच्या खास ग्रंथींमधून बाहेर टाकते. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. पाऊस पडला की पान धुऊन स्वच्छ.

आता विचार करा. तिवर आणि मोरस खाजणात असणं बरोबरच आहे. तिथं ती हवीतच. किनारा धरून ठेवतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. पण हीच मंडळी उद्या वाडीच्या बांधावर दिसायला लागली तर? तर ती चुगली करतायत. कोणतं झाड चांगलं आणि कोणतं वाईट, असा हा प्रश्नच नाही. कोण कुठे उगवलंय, ते बघायचं.

करून पाहा: काचेचा एक स्वच्छ तुकडा घ्या, कडा घासलेल्या असाव्यात. त्यावर तीन थेंब ओळीनं ठेवा. एक पावसाच्या पाण्याचा, एक विहिरीच्या, एक बावखलाच्या. थेंब सारखे हवेत. काच सावलीत वाळू द्या. पांढरं कडं कुणाचं जास्त दाट? त्या पाण्यात क्षार जास्त. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर दोन्ही वेळा करा, फरक बघा.

जास्त खाऊ घातलं तर काय होतं?

तुम्ही म्हणाल, मीठ वाईट, धूर वाईट, ते ठीक. पण खत तर चांगलं ना? जमीन जितकी सकस, तितकी झाडं जास्त!

झाडं जास्त, हे खरं. झाडांच्या जाती जास्त? तिथंच गोम आहे.

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथं एका गवताळ कुरणाचे पट्टे पाडून १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी प्रयोग सुरू केला. कुठल्या खतानं गवत जास्त येतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. १८५६ म्हणजे आपल्याकडे सत्तावन्नचा उठावही अजून व्हायचा होता. तो प्रयोग आजही चालू आहे! गवत कापलं जातं, मोजलं जातं, नोंदलं जातं.

थोड्याच वर्षांत तिथं विचित्र गोष्ट दिसली. ज्या पट्ट्याला काहीच खत दिलं नाही, तिथं गवत बेताचंच आलं, पण वनस्पतींच्या जाती ३५हून जास्त. ज्या पट्ट्याला अमोनियम सल्फेट भरपूर दिलं आणि चुना मुळीच दिला नाही, तिथं जाती उरल्या दोन-तीन.

असं का? जास्त खत मिळालं की एखाद-दुसरं आडदांड गवत भराभर वाढतं, उंच होतं, सगळं ऊन अडवतं. खालची बुटकी फुलझाडं अंधारात मरतात. त्यातच या खतानं माती आंबट होत जाते, आणि आंबट मातीत फार थोड्यांना राहता येतं.

हेच बावखलात बघा. सांडपाणी त्यात सोडलं की साबण, मैला, उरलंसुरलं अन्न यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं. म्हणजे खतच. मग जलपर्णी येते. मूळची दक्षिण अमेरिकेची, जांभळ्या फुलांची, दिसायला देखणी. पाण्यात खत भरपूर असलं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाणी झाकून टाकते. आतल्या पाणवनस्पतींना ऊन मिळत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, कुमुदाच्या पानांना पसरायला जागा उरत नाही. बावखल हिरवंगार दिसतं, पण जात एकच!

एक कोडं घाला बरं वर्गात. एका बावखलाचं पाणी ६४ चौरस मीटर आहे. आज त्यात १ चौरस मीटर जलपर्णी आहे. दर दोन आठवड्यांनी ती दुप्पट होते. १२ आठवड्यांत बावखल पूर्ण झाकलं जातं. तर अर्धं कधी झाकलं गेलं असेल?

सहाव्या आठवड्यात, असं म्हणालात? मोजा. २, ४, ८, १६, ३२, ६४. अर्धं झालं दहाव्या आठवड्यात! आणि आठव्या आठवड्यात जेमतेम पाव भाग हिरवा होता. तेव्हा बघणारा म्हणाला असता, 'छे, बरंच पाणी मोकळं आहे की!' चार आठवड्यांनी काठावरून पाणीही दिसलं नसतं. म्हणूनच नुसतं बघून चालत नाही. मोजायला लागतं, आणि पुन्हापुन्हा मोजायला लागतं.

एक मीटरचा चौकोन

मोजायचं कसं? सगळी वाडी मोजायला गेलात तर दिवाळी उजाडेल. शास्त्रज्ञही सगळं मोजत नाहीत. ते चौकोन टाकतात.

एक सुतळी घ्या. चार काठ्या जमिनीत रोवून एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्या चौकोनात जे जे उगवलंय, ते ते मोजा. नाव माहीत असेल तर नाव लिहा. नसेल तर चित्र काढा, पान कसं, फूल कसं, देठ कसा ते लिहा आणि त्याला तुमचंच नाव द्या. 'केसाळ पानाची ताई' चालेल. फक्त पुढच्या वेळी तिला तेच नाव हवं.

असे तीन चौकोन करा. एक वाडीच्या आत, एक बावखलाच्या काठापासून जरा लांब सुरक्षित जागी, एक रस्त्याकडेला पण रहदारीपासून दूर. रस्त्याकडेला कदाचित टाकळा भेटेल, कदाचित गाजरगवत. गाजरगवत अमेरिकेकडून आलेलं, आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं, आणि आता उकरलेल्या, पडीक जमिनीवर सगळीकडे आहे. त्याला हात लावू नका, अंगाला खाज सुटते. वाडीतल्या सावलीत वेगळी मंडळी भेटतील. नेचे, मॉस, तेरडा, आणि नशिबात असलं तर पहिल्या पावसानंतर शेवळंही.

चौकोनाशेजारी मातीचीही एक नोंद करा. जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवल्या की रंगीत पाणी मिळतं. त्यात लिंबू पिळलं तर ते गुलाबी होतं, चुन्याची निवळी घातली तर हिरवट. आता चौकोनातली चमचाभर माती पावसाच्या पाण्यात ढवळून, निवळू द्या. वरचं पाणी जास्वंदीच्या पाण्यात घाला. गुलाबीकडे झुकतंय की हिरव्याकडे? लिहून ठेवा.

पंचेचाळीस जोड्यांचं गणित

समजा, मिताली आणि रॉयस्टननं एकेक चौकोन मोजला. दोघांच्याही चौकोनात १० रोपं आणि ५ जाती. बरोबरी झाली का?

रॉयस्टनच्या चौकोनात प्रत्येक जातीची २-२ रोपं आहेत. मितालीच्या चौकोनात एकाच जातीची ६ रोपं आणि बाकी चार जातींचं एकेक. मितालीच्या चौकोनात एका जातीची दादागिरी चाललीय, हे डोळ्यांना दिसतं. पण आकड्यात कसं सांगणार?

युक्ती अशी. १० रोपांमधून कुठलीही दोन निवडायची. अशा एकूण जोड्या होतात ४५. त्यांतल्या किती जोड्यांत दोन्ही रोपं वेगवेगळ्या जातींची असतील? रॉयस्टनकडे ४०. मितालीकडे फक्त ३०. पाहिजे तर कागदावर सगळ्या जोड्या मांडून बघा, पावसाळ्यातल्या दुपारी छान वेळ जातो. तर ४५पैकी ४० म्हणजे विविधता जास्त, ४५पैकी ३० म्हणजे कमी. जाती तेवढ्याच असल्या तरीसुद्धा!

ही युक्ती एडवर्ड सिम्पसन नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १९४९ साली मांडली. दुसऱ्या महायुद्धात हाच माणूस शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामावर होता. आज जगभरातले वनस्पतिशास्त्रज्ञ जंगलं मोजताना त्याचं गणित वापरतात.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. काचेवरचं मीठ, जास्वंदीचा रंग, खोडावरच्या दगडफुलांचे प्रकार हे एका बाजूला. चौकोनातल्या जाती आणि जोड्यांचा आकडा हे दुसऱ्या बाजूला. एक बदललं की दुसरंही बदलतं का? हाच तर सगळा शोध!

एका साक्षीदारावर निकाल नको

मात्र घाई करू नका हं. एका खोडावर दगडफूल नाही, म्हणून लगेच 'हवा विषारी!' अशी आरोळी ठोकायची नाही. ते खोड फार सावलीत असेल. त्या झाडाची साल सोलून पडत असेल. त्याला गेरू-चुना लावला असेल. केळीच्या पानाची कड पाणी कमी पडल्यानंही करपते, पालाश कमी पडल्यानंही करपते. म्हणून दहा झाडं बघायची, एकाच जातीची, साधारण सारख्या जाडीची. आंब्याची तुलना आंब्याशी, नारळाची नारळाशी. एकाच ऋतूत. श्रावणातला चौकोन आणि वैशाखातला चौकोन शेजारी ठेवले, तर फरक पावसाचा दिसेल, प्रदूषणाचा नाही.

आणि जागा बदलायची नाही. दर वेळी तोच चौकोन. जागा सापडावी म्हणून विहिरीपासून, कुंपणापासून किती पावलं, ते वहीत लिहून ठेवा.

जुन्या नोंदी किती मोलाच्या असतात माहीत आहे? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम नावाचा संग्रह आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंनी १९०६ साली तो सुरू केला. कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, तिच्याखाली लिहिलेलं ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव, असे लाखाहून जास्त कागद तिथं आहेत. आज कुणाला विचारायचं असेल, की शंभर वर्षांपूर्वी अमुक ठिकाणी ही वनस्पती होती का, तर उत्तर तिथं मिळू शकतं. तेही कुणीतरी ठिकाण आणि तारीख लिहिली म्हणून! नुसती सुंदर फांदी ठेवली असती तर काय कळलं असतं?

वटारच्या वाड्यांबद्दल अशी माहिती कुणाकडे असेल? आजी-आजोबांकडे. त्यांना विचारा. रहाट चालायचा तेव्हा विहिरीचं पाणी किती खोल होतं? बावखलात कुठली फुलं असायची? सुकेळी करायला लागणारी राजेळी केळी पूर्वी कुणाकुणाच्या वाडीत होती, आता किती वाड्यांत उरली? उत्तरं वहीच्या शेवटच्या पानांवर लिहा, सांगणाऱ्याच्या वयासकट.

तर आता कामाला लागा. वही घ्या. पहिल्या पानावर गाव, जागा आणि तारीख लिहा. जूनअखेर, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च, वर्षातून चार वेळा त्याच चौकोनाशी जा. बावखलाच्या काठावर एकट्यानं जायचं नाही, पावसाळ्यात गवतात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायचं, अनोळखी पान किंवा फळ तोंडात घालायचं नाही. तुमचा चौकोन मोजून झाला की तिन्ही चौकोनांच्या नोंदी शाळेच्या फलकावर लावा, म्हणजे पुढच्या वर्षी खालच्या वर्गातल्या मुलांना त्या पुढे नेता येतील. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या, की 'आमच्या बावखलात सांडपाणी सोडू नका' असं सांगायला तुमच्याकडे नुसती तक्रार नसेल, आकड्यांत लिहिलेला पुरावा असेल.